६५ अंश

आमचा जिल्हा वर्धा. अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे अंगणात जर्मनचा गंज मांडून त्यात थर्मामीटर बुडवणाऱ्या माणसाकडे गाव कसं बघतं, ते वेगळं सांगायला नको. मला फक्त ज्वारीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचा, गोड पाक करायचा होता. तंत्र मात्र बिअरवाल्यांचंच. मोड आलेल्या धान्याचं पीठ पाण्यात ६५ अंशांच्या आसपास तासभर ठेवलं की त्यातली एन्झाइमं पिठाची साखर करतात. पंच्याहत्तरी ओलांडली की मरतात. त्यात ज्वारीचा नखरा असा की तिचं पीठ ७० च्या आसपास गेल्याशिवाय फुगतच नाही. म्हणून आधी साध्या पिठाची आंबील शिजवून निववायची, मग माल्ट घालायचं. (कोंब वाळवून चोळून काढले होते. कोवळ्या ज्वारीचं विष गुरं राखणाऱ्याला शिकवावं लागत नाही.)

दीड हजार वॅटचं हीटर आणि तापमान धरून ठेवणारा एक पीआयडी कंट्रोलर मागवला. हा डबा आधी पाणी तापवून आपला गंज किती वेळात तापतो ते शिकतो आणि त्या हिशेबानं वीज सोडतो. शिकला बिचारा दुपारी. शिवारातले पंप आमच्याच डीपीवर, त्यामुळे दुपारी व्होल्टेज १७०. दिवेलागणीला पंप बंद झाले आणि व्होल्टेज गेलं २४० वर. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, म्हणजे थेट दुप्पट. दुपारी बैल म्हणून जुंपलेला संध्याकाळी रेडा निघाला.

६३, ६४, ६५. टक्कन रिले बंद. मी ऐटीत आईकडे पाहिलं. ६८. वीज तुटली तरी हीटरच्या अंगातली धग जाणार कुठं? ७१. घाबरून पळी फिरवली, तर तळाचं कढत वर आलं आणि आकडा ७९.

"काहून रे, करपलं का?"

"नाही आई, एन्झाइम मेलं."

"कोन मेलं?"

कुडापलीकडून काकूंचा आवाज आला, "अवो बाई, कोन मेलं?"

अंधार पडल्यावर काका आले. दुपट्ट्याखाली स्टीलचा ग्लास. "कोनाले सांगत नाही मी," म्हणाले. मी ग्लास भरून दिला. एका दमात संपवून ते बाजेवर मांडी घालून डोळे मिटून बसले. अर्ध्या तासानं एक डोळा उघडला.

"काहीच होऊन नाही राहिलं ना गा."

"काका, आंबील आहे ती."

"मंग मीठ तं टाकाचं!"