मामीचा ३५ हजारांचा 'पगार'

"अरे, वहिनीला महिन्याला ३५ हजार मिळतात म्हणे. मग ती अजून एसटीनेच का फिरते?" आईने परवा फोनवर विचारलं. माझी मामी सरपंच आहे, अठराशे वस्तीच्या गावात. आईच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता: सरपंचाला ३५ हजार पगार, नंतर पेन्शन, गावाचा निधी थेट त्याच्या खात्यात आणि एकट्याच्या सहीने काढता येतो, म्हणून घरपट्टी भरू नका. खाली 'जनहितार्थ'.

पगार नसतोच, मानधन असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दुप्पट केलं, एवढं खरं. आता तो निर्णय वाचा. लोकसंख्या दोन हजारांपर्यंत असेल तर ३ चे ६ हजार, आठ हजारांपर्यंत ४ चे ८, त्यापुढे ५ चे १०. मोठ्यातल्या मोठ्या गावाचा सरपंचही १० हजारांवर थांबतो. मामीचे ६ हजार म्हणजे रोजचे २००. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. मामीचे हे पैसेही वेळेवर येत नाहीत. गेल्या दिवाळीत चार महिन्यांचे एकदम आले. पेन्शन नाही. पुढे.

'थेट खात्यात' वाचून मात्र डोकंच फिरलं. केंद्राकडून गावाला मिळणारे पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले ते ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि खर्चायला सरपंच व ग्रामसेवक, दोघांच्या डिजिटल सह्या लागल्या. मामीचं सहीचं डोंगल कपाटात साड्यांखाली असतं, ग्रामसेवकाचं त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे आणखी दोन गावांचा चार्ज. त्यात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या ४० मधूनही पगार किंवा ऑफिसखर्च भागवायची मुभा नव्हती. तो भागतो घरपट्टी-पाणीपट्टीतून. आणि हे शहाणे सांगतात, घरपट्टी भरू नका! वसुलीला गेलेल्या शिपायाला दोन घरांतून ऐकवलं गेलं, "सरपंचीणबाईंच्या पगारातून कापून घ्या." यातल्या एकाला पुढच्या वेळी सदस्य व्हायचंय. मागणी बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली माणूस अपात्र ठरतो, हे त्याला कुणी फॉरवर्ड केलेलं दिसत नाही.

पैसे खाल्ले जातात का? जातात, नाही कशाला म्हणू. सरपंच, ग्रामसेवक आणि ठेकेदार एका ताटात जेवायला बसले की दोन्ही सह्या पाच मिनिटांत होतात आणि एकाच गटाराचं बिल दोनदा निघतं. पण ते पकडायचं कुठे? ग्रामसभेत, जमाखर्च मागून. मामीच्या गावात २६ जानेवारीला झेंडावंदनाला शाळेचं पटांगण भरलेलं होतं. जिलेबी वाटून झाली, मामीने जमाखर्चाचा कागद हातात घेतला, तेव्हा समोर एकोणीस डोकी. कोरम शंभराचा. सभा तहकूब.