शंभर रुपयांचा मेमो

परवा मोबाइलवर मेमो आला. (आमच्या बडोद्यात चलान कुणी म्हणत नाही, मेमोच.) ट्रिपल सवारी, दंड १०० रुपये. बायको म्हणाली, "शंभरच? भरून टाका अन् विषय संपवा."

भरणारच होतो. मग सहज फोटो मोठा करून बघितला. काळाघोड्याचा सिग्नल, अ‍ॅक्टिवा माझी, नंबर माझा. मागे दोन अनोळखी पोरं. चालवणाऱ्याच्या डोक्यात माझं हेल्मेट, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसत होता. पण शर्ट मी स्वतः दिवाळीला मंगळबजारातून आणलेला. आमचे चिरंजीव, अकरावी, वय साडेसोळा.

दंड शंभरच कसा, तर १ सप्टेंबर २०१९ ला केंद्राचा नवा कायदा लागू झाला, त्यात तिघे बसल्याचे हजार होते. आपल्या गुजरात सरकारने त्याच महिन्यात ते शंभरावर आणले. हेल्मेट आणि सीट बेल्टचे हजाराचे पाचशे केले. डिसेंबरात तर शहरात हेल्मेटच ऐच्छिक करून टाकलं होतं, ते पुढे मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की हे सगळं शंभर-पाचशेत मिटतं.

पण राज्याला सूट देता येते ती जागेवर मिटणाऱ्या गुन्ह्यांपुरती. त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे. दारू पिऊन गाडी चालवणं त्यात नाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणं, म्हणजे कलम १९९-ए, तेही नाही. ते प्रकरण थेट कोर्टात. पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" एवढंच म्हणून सुटताही येत नाही. तुमची संमती होती असंच कोर्ट धरून चालतं, नव्हती हे तुम्ही सिद्ध करायचं. वर अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते.

कॅमेऱ्याला वय दिसत नाही, म्हणून मी शंभरात सुटलो.

"सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की!" असं दांडिया बाजारात मला निदान तिघांनी ऐकवलंय. मिळतं, पण बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तशी गाडी शोरूममध्ये दाखवा मला. अ‍ॅक्टिवा ११० ची आहे.

आणि खरं सांगू? मला माहीत होतं. ट्यूशन लांब, रिक्षा महाग, आईला वेळ नाही. चावी फ्रिजवरच्या वाटीत असायची आणि ती कोण उचलतं ते मी बघायचो नाही. संध्याकाळी कुठल्याही क्लासखाली उभं राहा, अ‍ॅक्टिवांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि त्यातल्या किती पोरांकडे लायसन्स असेल हे तुम्हीही ओळखता. त्याच पोरांचे बाप (मी धरून) गणपतीच्या मीटिंगला हेल्मेटच्या पाचशेवरून पोलिसांच्या नावाने तासभर बोटं मोडतात. पाचशे खिशातून जातात म्हणून ते लागतात. पंचवीस हजार आणि कोर्ट आपल्या ओळखीत कुणाला झालेलं नाही, म्हणून ते नसल्यासारखंच.

चिरंजीवांशी बोललो. "बाबा, सगळेच नेतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण सगळेच नेतात. चावी मात्र काढून घेतली. आता सायकलने जातो, तोंड फुगवून.

चावी हल्ली माझ्या शर्टाच्या खिशात असते. काल बायकोने खंडेराव मार्केटला जायला मागितली, तर मी गमतीत म्हटलं, आधी लायसन्स दाखव. तिने पर्समधून काढलं. मार्चमध्येच संपलंय. आधी मिळायची ती ३० दिवसांची सवलतही २०१९ च्या कायद्याने काढून टाकलीय.

भाजी मीच आणली.