जोडकामाचा कर आधी मोजा, मग फी ठरवा

“दहा टक्के टीडीएस कापलाय ना, मग टॅक्सचं झालं की!” नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी क्लासवर शिकवणारे, बाहेरची कामं घेणारे कितीतरी जण हे ठामपणे सांगतात. कृपा करून यावर विसंबू नका. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कराचा एक हप्ता, पूर्ण कर नव्हे. खरा हिशोब पगार आणि जोडकाम एकत्र धरून होतो.

माझ्या भाचीचेच आकडे बघा. पुण्यात नोकरी, २०२५-२६ चा पगार १२ लाख ७५ हजार. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात बरोबर १२ लाख, आणि तिथपर्यंत कर शून्य. त्याच वर्षी एका क्लासने तिला लेक्चर्सचे १ लाख दिले. १० हजार टीडीएस जाऊन खात्यात आले ९० हजार. दाखवण्यासारखा खर्च जवळजवळ नव्हता, म्हणजे उत्पन्न झालं १३ लाख. एकदा १२ लाखांची रेषा ओलांडली की वरच्या लाखावरच नव्हे, ४ लाखांच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर कर लागतो. कर ७५ हजार, त्यावर ४ टक्के सेस (उपकर) धरून ७८ हजार. टीडीएस वजा जाता अजून ६८ हजार भरायचे. वर्षभर रविवार घातले त्याचे हातात २२ हजार, आणि कर वेळेत न भरल्याचं व्याज त्यातूनच.

रेषेच्या अगदी लगत असाल तर मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढे कमावलेत, त्याहून जास्त कर नाही. पण सेस वेगळा! ५० हजार जास्त कमावणाऱ्याचा कर ५० हजार आणि सेस २ हजार. जोडकामाची सगळी कमाई देऊन वर पदरचे २ हजार. याला दिलासा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १२ लाखांपर्यंत करमुक्ती दिली हे चांगलंच झालं, पण पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवी. मेहनत करून थोडं जास्त मिळवणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला इतका फटका बसणं अन्यायाचं आहे.

डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यावसायिकांना मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम अंदाजित उत्पन्न म्हणून दाखवता येते (२०२५-२६ च्या उत्पन्नासाठी कलम ४४एडीए). शिकवणी त्या यादीत नाही. तिथे प्रवास, पुस्तकं, छपाई असा खरा खर्चच वजा होतो, तेव्हा पावत्या जपा.

टीडीएस जाऊन वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त उरत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे आगाऊ कर, हप्त्यांनी भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चुकलात तर महिना १ टक्का व्याज. त्यापेक्षा ऑफिसच्या अकाउंट्सला हे उत्पन्न कळवलं तर ते पगारातूनच कर कापतात, कायद्यात तशी सोय आहे. ऑफिसला कळवायचं नसेल तर हप्ते स्वतः भरा. दडवायचा विचार मात्र मनातही आणू नका. टीडीएस कापला तेव्हाच तुमच्या पॅनवर नोंद झाली, आयकर खात्याच्या साइटवर एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या नोंदींचं वार्षिक विवरण, उघडून बघा.

आणि रिटर्नला आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही. अशा कामाला आयटीआर-३, अंदाजित उत्पन्नाची सोय घेतली असेल तर आयटीआर-४.