‘खरंच मानता का तुम्ही?’

आज घरी गणपती बसला. आमचा दीड दिवसाचा, इथे आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्येसुद्धा दीड दिवसाचाच. बारा-पंधरा मराठी माणसं आली होती. गोठवलेल्या खोबऱ्याचं सारण करून एकवीस मोदक कसेबसे वळून झाले होते. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, सगळं छान चाललं होतं. आणि मग एका पाहुण्याने असं काही विचारलं की आता रात्रीचे साडेबारा वाजले तरी मला झोप नाही. भांडी तशीच पडलीत. आधी हे लिहिते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहते. सत्त्याहत्तर वर्षांची. आइसलँडिक भाषेत आजीला अम्मा म्हणतात, त्यामुळे माझा मुलगा तिला अम्माच म्हणतो, मीही म्हणते. दरवर्षी गणपतीला येते. बूट दाराबाहेर काढते, हात धुते, फूल वाहते. तिच्या गळ्यात चांदीचा एक छोटा हातोडा असतो. थोर या इथल्या जुन्या देवाचा. इथे उच्चार थोर असाच करतात, आपल्या ‘थोर’सारखा.

पाहुण्याचं लक्ष त्या हातोड्याकडे गेलं. ‘अरे, हा तर सिनेमातला!’ खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला. दुसरा एक जण कुजबुजला, ‘हे नाझी लोक घालतात ना?’ मग पहिला अम्माकडे वळला आणि इंग्रजीत, हसत हसत, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, ‘पण तुम्ही खरंच मानता का हे सगळं?’

त्याच्या हातात मोदक होता. अर्धा खाल्लेला. समोर आम्ही सकाळी प्राणप्रतिष्ठा केलेली वीतभर शाडूची मूर्ती होती, जिच्या डोळ्यांना दूर्वेने तूप लावून आम्ही ‘ये आणि इथे राहा’ म्हटलं होतं. आणि हा माणूस तिच्यासमोर उभा राहून दुसऱ्या कुणालातरी विचारतो, तुमचे देव खरे का?

अम्मा काही बोलली नाही. ‘गोड छान झालंय’ म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मी तूप वाढत होते. वाढतच राहिले. तेच मला आता झोपू देत नाहीये.

अम्मा माझी कोण आहे ते सांगते.

2021 च्या जानेवारीत गावी माझी आजी गेली. वेंगुर्ल्याकडचं आमचं गाव. विमानं बंद, जाणं शक्यच नव्हतं. फोनवर अग्नी दिलेला पाहिला, तोही अडकत अडकत. दुसऱ्या दिवशी अम्माने जिन्यात माझा चेहरा पाहिला. काय झालं ते विचारलं, मग आणखी एकच प्रश्न विचारला: ‘तुझ्या आजीला काय आवडायचं?’ मी म्हटलं, चहा. भरपूर साखरेचा, आलं घातलेला. ती म्हणाली, ‘कर. थर्मास माझ्याकडे आहे.’

सकाळचे अकरा वाजत होते, तेव्हा कुठे उजाडत होतं. आम्ही ओस्क्युह्लिदच्या टेकडीवर गेलो. वर गरम पाण्याच्या टाक्यांवर काचेचा घुमट आहे ना, तीच टेकडी. खालच्या झाडीत एका खडकापाशी ती थांबली. झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. ‘नाव घे. मोठ्याने घे. मग तिला दे.’ मी आजीचं नाव घेतलं. त्या वाऱ्यात, गुडघाभर बर्फात, आजीचं पूर्ण नाव, तिच्या वडिलांचं, गावाचं. आणि चहा ओतला. बर्फात एक तपकिरी भोक पडलं आणि त्यातून आल्याची वाफ वर आली. अम्माने आपल्या आईचं नाव घेतलं, तिच्या आईचं घेतलं, तिच्याही आईचं घेतलं. मग उरलेला चहा आम्ही दोघींनी प्यायलो.

मला कुणी विचारलं नाही की तुझी आजी तो चहा खरंच पिते असं तू मानतेस का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अम्माचा पंथ म्हणजे कुणी हौसेने शिंगांचं टोपडं घालून फिरणं नव्हे. 1972 मध्ये, इथला उन्हाळ्याचा पहिला दिवस मानतात त्या एप्रिलमधल्या दिवशी, मेंढ्या पाळणाऱ्या एका कवीने, स्वेइनब्यॉर्न बेइनटेइनसनने, मूठभर लोकांना घेऊन आउसात्रूआरफेलाग ही जुन्या देवांना पुजणाऱ्यांची संस्था काढली. पुढच्याच वर्षी सरकारने तिला धर्म म्हणून मान्यता दिली. आज चार लाखांच्या आतल्या या देशात तिचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. लग्नं लावतात, बारशी करतात, माणसाला शेवटचा निरोप देतात. इथे प्रत्येकाच्या करातला ठरावीक हिस्सा त्याच्या नोंदवलेल्या धर्मसंस्थेला जातो, अम्माचा तिथे जातो. ओस्क्युह्लिदच्याच उतारावर त्यांच्या मंदिराचं काम 2015 ला सुरू झालं, आणि वर्षभरात होईल म्हणता म्हणता वर्षानुवर्षं रेंगाळलं. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पण अम्मा या सगळ्याची सुरुवात एक वर्ष आधीपासून मोजते. 1971 च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कने एड्डाची जुनी हस्तलिखित पोथी परत दिली. देवांची कवनं ज्या पोथीमुळे टिकली ती पोथी. युद्धनौकेतून आली होती. सगळं शहर बंदरावर लोटलं होतं, त्या गर्दीत तेवीस वर्षांची अम्मा होती. हे सांगताना तिचा आवाज जसा होतो तसा माझ्या आजीचा व्हायचा, पालखी परड्यात आली की.

हो, मधे हजार वर्षांचा खंड आहे, आणि बरंचसं पुस्तकांतून पुन्हा उभं केलंय. मान्य. पण तो खंड का पडला तेही सांगा ना. सन 1000 च्या सुमारास थिंगवेट्लिरच्या लोकसभेत जुने देव की ख्रिस्ती धर्म यावरून भांडण विकोपाला गेलं. निवाडा सांगायचं काम थोरगेइर नावाच्या पुढाऱ्याकडे आलं. तो स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठून म्हणाला, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. जुन्या देवांना घरात, कुणी न बघता, द्यायची मुभा ठेवली होती. काही वर्षांनी तीही गेली. पुढे एका बिशपने वारांची नावंही बदलायला लावली म्हणतात. इंग्रजीच्या गुरुवारात थोर अजून आहे. त्याच्या स्वतःच्या मुलखात गुरुवारला ‘पाचवा दिवस’ म्हणतात. आणि माणसांच्या नावांतून मात्र तो गेला नाही, थोरदिस, थोरस्टेइन अशा नावांची माणसं इथे पावलोपावली भेटतात. तुटलेली गोष्ट कुणी जोडायला घेतली तर तिला खोटी म्हणायचं? तुटू दिली नसती तर जोडावी लागली नसती.

आता ‘मानता का’ या प्रश्नाबद्दल बोलते, कारण माझा राग तिथे आहे.

हा प्रश्न आपला नाहीच. माझ्या आजोबांना जन्मात कुणी विचारलं नाही की तुम्ही राखणदार मानता का. वर्षातून एकदा राखण द्यायची असायची, ती ते देत. नवं भात आलं की आधी देवाला. घरात काही अडलं की गाऱ्हाणं. गुरव ‘बारा-पाचाच्या देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करायचा, आणि आम्ही पोरं सगळ्यात मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’. मी दहा-अकरा वर्षांची असताना शहाणपणा करून आजीला विचारलं होतं, राखणदार खरंच असतो का गं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तेका इचारूचा नाय गो, तेका देवचा.’

त्याला विचारायचं नसतं. त्याला द्यायचं असतं.

अम्माच्या लोकांचा जुना शब्द काय आहे माहितीये? त्यांच्या भाषेत धर्माला सीदुर म्हणायचे. अर्थ: रीत. चाल. ‘फोर्न सीदुर’ म्हणजे जुनी रीत. मी हे अम्माकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि मला आजीच्या सुपातल्या तांदळांचा आवाज आला.

मी ऑक्टोबरच्या शेवटी एका ब्लोतला, म्हणजे त्यांच्या देवांना द्यायच्या विधीला, गेलेय. हिवाळा लागतानाचा असतो तो. उघड्यावर शेकोटी, सगळे गोल उभे. शिंगातलं पेय हातोहात फिरतं. ज्याच्या हातात येतं तो देवाचं नाव घेतो, पूर्वजाचं घेतो, मागणं मागतो, थोडं जमिनीला देतो, थोडं पितो, पुढे देतो. मागणं काय, तर पीकपाणी चांगलं येऊ दे आणि भांडणं नकोत. एक बाई आजारी भावासाठी बोलली. एका पोराने नोकरीचं सांगितलं. मला ‘व्हय म्हाराजा’ म्हणावंसं वाटत होतं. तोंडातल्या तोंडात म्हटलंही.

हो, त्यांचे प्रमुख हिल्मार ऑर्न हिल्मारसन स्वतः म्हणालेत की आठ पायांच्या घोड्यावरचा एकडोळ्या म्हातारा, म्हणजे त्यांचा मुख्य देव ओदिन, शब्दशः कुणी मानत नाही, या कथा कवितेच्या वाटेने समजून घ्यायच्या. अम्मा यावर मान हलवते, पूर्ण पटलेलं नसतं तिला, पण ब्लोतला दोघं एकाच शिंगातून पितात. आपल्याकडे तरी काय आहे? गणपतीला सोंड कशी, यावर घरातल्या दहा जणांची दहा मतं, आणि आरतीला दहाही जण हजर.

नाझींचं म्हणाल तर, होय, त्या लोकांनी या खुणा चोरल्या, आणि आजही गोऱ्या रक्ताचा माज असलेले काही जण थोरच्या नावाने नाचतात. मान्य. पण म्हणून अम्माने हातोडा काढून ठेवायचा? 2015 मध्ये इथल्या संस्थेला परदेशातल्या असल्याच लोकांची द्वेषाची पत्रं आली, कारण हे समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतात. 2016 मध्ये अनेक देशांतल्या शंभराहून जास्त संघटनांनी एकत्र जाहीरनामा काढला की वंश बघणाऱ्यांशी आमचा संबंध नाही. अमेरिकेत शहीद सैनिकाच्या थडग्यावर हातोडा कोरायला 2013 पासून परवानगी आहे. ही माणसं रोज स्वतःचे देव चोरांच्या हातून सोडवून घेतायत.

आणि हे मराठी माणसाने विचारावं? आम्ही इथे आलो त्या वर्षी दिवाळीत मी उंबऱ्यासमोर रांगोळीने स्वस्तिक काढलं. इमारतीतल्या कुणीतरी तक्रार केली. माझी ओळखही नसताना अम्मा जिना चढून वर आली, रांगोळीशेजारी पायरीवर बसली, आणि जो कुणी येईल त्याला सांगत राहिली की हे हिच्या घराचं शुभचिन्ह आहे, चोरांनी पळवलं म्हणून मालकिणीने टाकायचं नसतं. दोन तास बसली होती. थंडी होती.

आणि आज तिच्यावर तीच वेळ आली तेव्हा मी तूप वाढत होते.

अजून एक. ‘ते मूळचे आपलेच, थोर म्हणजे इंद्र’ असं कमेंटमध्ये लिहायला येऊ नका. हातोडा आणि वज्र यांचं नातं असेलही, अभ्यासकांनी ते बघावं. अम्मा आपली फांदी नाहीये. तिचा देव तिच्या डोंगराचा आहे, माझा वेतोबा माझ्या आरवलीचा आहे. आमचं जमतं ते दोघी वेगळ्या आहोत म्हणूनच. मी तिला वेतोबाचं सांगितलं होतं, की लोक त्याला हातभर मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात आणि त्या झिजतात, कारण तो रात्री गावभर फिरतो. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, ‘ओदिनही चालतो. झगा घालून, टोपी डोळ्यांवर ओढून. दार वाजलं तर उघडावं, कोण असेल सांगता येत नाही.’ पुढे किती तरी वेळ तिने तेवढंच विचारलं: चपला कोण शिवतं? चामडं कुठलं? जुन्या झिजलेल्यांचं काय करतात?

हे प्रश्न बघा आणि त्या पाहुण्याचा प्रश्न बघा.

आपल्यातल्या शिकलेल्यांना आपल्याच वेतोबा-म्हसोबाची लाज वाटते, सटवाईचं नाव घेताना आवाज खाली जातो, मग दुसऱ्याच्या देवाला हसणं सोपं जातं. बुवाबाजी वेगळी, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण कुणाला न लुबाडता, कुणाला न छळता, एखादी म्हातारी खडकाला दूध देत असेल, तर तिला पुरावा मागणारे आपण कोण?

असो. लिहिता लिहिता राग जरा खाली बसला. त्या पाहुण्याला मी वाईट म्हणत नाही. मीसुद्धा पहिल्या वर्षी अम्माला हेच विचारलं होतं, ह्याच शब्दांत. ती तेव्हाही गप्प बसली होती. तिने उत्तर दिलं ते जानेवारीत, चहा कर म्हणाली तेव्हा.

मघाशी सगळे गेल्यावर मी पाच मोदक डब्यात घालून खाली गेले. म्हटलं, अम्मा, मी बोलायला हवं होतं. तिने माझा हात थोपटला, ‘एल्स्कान’ म्हणाली, म्हणजे बाळा. मग विचारलं, उद्या किती वाजता?

उद्या संध्याकाळी विसर्जन आहे. समुद्रात टाकत नाही, घरीच बादलीत करतो आणि माती ओस्क्युह्लिदच्या झाडांना घालतो. त्याच खडकापाशी. दाराशी तिने थर्मास धुऊन उपडा ठेवला होता. चहा मी करायचा, आलं जास्त घालून.