बातमी वाचा, आर्किटेक्ट व्हा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात वर चढायचं असेल तर सगळ्यात आधी प्रोग्रॅम लिहिणं थांबवा. प्रोग्रॅम चुकला की लोक लिहिणाऱ्याचं नाव शोधतात आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं गिट ते तारीख-वेळेसकट काढून देतं. मत चुकलं तर कुणी विचारायला येत नाही. तेव्हा मतं बाळगा. त्यांचा कच्चा माल रोज सकाळी मोबाइलवर फुकट येतो, आणि कंपनीची बस वाकडच्या पुलापाशी अडकली की तो चघळायला वेळही भरपूर मिळतो.

बातमी वाचण्याची एक रीत आहे. मथळा वाचायचा, फार तर खालचा फोटो पाहायचा, आणि थांबायचं. पुढे गेलात की अटी-शर्ती लागतात, आणि अटी-शर्ती माहीत असलेल्या माणसाला मीटिंगमध्ये ठासून बोलता येत नाही. २०२३ साली अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने जाहीर केलं, की व्हिडिओच्या दर्जावर नजर ठेवणारं आपलं साधन त्यांनी सुट्या सुट्या सर्व्हिसेसमधून (मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात त्या) काढून एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. एका टीमचं एक साधन, एवढीच गोष्ट. माझ्या माहितीतल्या एका आर्किटेक्टने, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्या माणसाने, मात्र त्याच दुपारी ‘मायक्रोसर्व्हिसेस मेल्या’ असं सांगून टाकलं. मोनोलिथ, म्हणजे सगळं एकातच असलेलं सॉफ्टवेअर, मेल्याची द्वाही काही वर्षांपूर्वी त्यानेच फिरवली होती आणि त्यापायी ऑर्डर घेणारं एक धड चालतं सॉफ्टवेअर फोडून त्याच्या डझनावारी सर्व्हिसेस केल्या होत्या. आता त्या पुन्हा एकत्र बांधायचा प्रकल्पही त्याच्याकडेच आला. हाइक दोन्ही वेळा मिळाली. फोडलेलं चालतं ठेवायला रात्री दोन वाजता फोन घेणारा सपोर्टचा पोरगा वेगळा होता, त्याला अप्रेझलमध्ये ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’, म्हणजे ‘ठीकठाक’, मिळालं. यातलं तुम्हाला कोण व्हायचंय ते ठरवा, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.

दुसरं पथ्य म्हणजे इतिहासाला हात लावायचा नाही. इतिहास माहीत असला की माणूस भलत्या वेळी हसतो. १९५४ मध्ये आयबीएमच्या मंडळींनी फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचा पहिला आराखडा मांडला, तेव्हा त्यातच लिहिलं होतं की यामुळे कोडिंग आणि डीबगिंग जवळजवळ संपून जाईल. पुढे १९५९ मध्ये कोबॉल या भाषेची आखणी झाली. ते इंग्रजीसारखं वाचता येणार, म्हणजे साहेबांनाही कळणार, मग प्रोग्रॅमर कशाला? १९८१ मध्ये इंग्लंडात एक सॉफ्टवेअर आलं, त्याचं नावच ‘द लास्ट वन’. प्रश्नांची उत्तरं द्या, बेसिक भाषेतला प्रोग्रॅम ते स्वतः लिहून देईल. जगाला लागणारा हा शेवटचा प्रोग्रॅम. त्यानंतर फोर्थ जनरेशन लँग्वेज आल्या, चित्रं ओढून जोडायची साधनं आली, फारसा कोड न लिहिता सॉफ्टवेअर बनवायचं लो-कोड आलं. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमरचं तेरावं घातलं गेलं आणि प्रत्येक वेळी पंगतीला आधीपेक्षा जास्त प्रोग्रॅमर बसले. हे सगळं पाठ असलेला माणूस ‘येत्या सहा महिन्यांत कोड लिहायला माणूस लागणार नाही’ ही स्लाइड पाहून गालात हसतो, आणि अप्रेझलच्या फॉर्मवर ‘बदलाला विरोध’ असा शेरा घेऊन घरी जातो. तुम्ही गंभीर चेहऱ्याने मान हलवा. जमल्यास वहीत काहीतरी लिहा.

कोबॉलवरून आठवलं. ते मेलंय असं अधूनमधून म्हणत राहा, त्याने माणूस अद्ययावत दिसतो. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना पत्रकार परिषदेत कोबॉल येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक मारावी लागली होती. अशी गोष्ट कानावर आली तर ‘अपवाद’ म्हणा आणि विषय बदला.

आता एआय. यावर मत नसणं म्हणजे लग्नात आहेर न घेता जाणं. आधी डेमो बघा. डेमोत कुणीतरी चॅटमध्ये दोन वाक्यं लिहितो आणि चहा थंड व्हायच्या आत कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप तयार होतं. जगाला एवढं एकच अ‍ॅप कमी पडत असावं, कारण प्रत्येक डेमोत तेच असतं. टाळ्या पडल्या की विचारा, “मग आपलं पेरोल याच्यावर कधी घ्यायचं?” हा प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावतात.

पेरोलचा जुना कोड उघडून मात्र पाहू नका. एका कारखान्याच्या पगाराच्या प्रोग्रॅममध्ये मी एक अट पाहिली आहे. कर्मचारी क्रमांक ४२०० ते ४३५० च्या दरम्यान असेल आणि महिना ऑक्टोबर असेल तर बोनसच्या हिशेबात धुलाई भत्ता धरायचा. वर कॉमेंट होती, ‘करारानुसार. काढू नये.’ कुठला करार, कुणाशी, कधी, काही नाही. एआयला विचारलं तर तो अतिशय नम्रपणे सांगतो की ही अट अनावश्यक दिसते, काढून कोड सुटसुटीत करून देऊ का? टाइम ऑफिसमधल्या काकांना विचारलं तर ते आधी चहा मागवतात. मग कळतं, की कंपनीने दुसरं युनिट बंद करून तिथले दीडेकशे कामगार इकडे आणले, त्यांचा भत्ता तिकडे पगारात धरलेला होता, इकडे नव्हता, आणि त्यावरून होऊ घातलेला संप दिवाळीच्या आठवडाभर आधी या एका ओळीवर मिटला. ती ओळ काढली असती तर पुढच्या धनत्रयोदशीला गेटवर सभा भरली असती. त्या प्रोग्रॅममध्ये असल्या अटी ढिगाने होत्या. दिसायला गचाळ, आणि एकेकीमागे कुणाचं ना कुणाचं भांडण मिटलेलं.

तुम्ही काकांकडे जायचं नाही. ते ऑक्टोबरात रिटायर होतात, केटी, म्हणजे जाणाऱ्याकडून कामाची माहिती, कुणी घेत नाही, आणि जुन्या कोडसाठीचा ‘लेगसी’ हा शब्द त्यासाठीच आहे. लेगसी म्हटलं की कोड समजून घेण्याची जबाबदारी संपते आणि नव्याने लिहिण्याचं बजेट सुरू होतं. नेटस्केपने १९९८ मध्ये असाच आपला ब्राउझर पाडून नव्याने बांधायला घेतला. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, एकदम सहावी आली, तीही २००० च्या नोव्हेंबरात. तोवर इंटरनेट एक्सप्लोररने मैदान मारलं होतं. पण लक्षात घ्या, ज्यांनी ‘नव्याने लिहू’ म्हटलं त्यांच्या बायोडेटावर ती ओळ आजही छानच दिसत असेल.

एआयच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, हे आधी ठरवायची गरज नाही, कारण दोन्हीसाठी एकच बातमी पुरते. २०२५ च्या जुलैत मेटर नावाच्या संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओपन सोर्सवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांच्याच रोजच्या ओळखीचा कोड, एकूण २४६ कामं. काही कामं एआय घेऊन करायची, काही न घेता. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि गंमत पुढे आहे: काम संपल्यावरही या मंडळींना वाटत होतं की एआयमुळे आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला. तुम्ही एआयवाले असाल तर दुसरा आकडा स्लाइडवर घाला. विरोधी पंथात असाल तर पहिला घाला. माणसं १६ होती आणि साधनं तेव्हाची होती, हे दोघांनीही बोलू नये. (मी स्वतः एआय रोज वापरतो. मजकुरातला नमुना शोधायचं रेग्युलर एक्स्प्रेशन लिहून घेतो, टेस्टचा सांगाडा करून घेतो, आणि लिहून दिलेलं प्रत्येक अक्षर वाचतो. पण अशा माणसाला भाषणाला कुणी बोलावत नाही, म्हणून हे कंसात.)

स्वतः काही लिहिणं कमीपणाचं आहे, हे एव्हाना पटलं असेल. आकड्याच्या डावीकडे शून्यं लावायचीत? एनपीएम या कोडच्या कोठारातून पॅकेज, म्हणजे तयार कोडचं पुडकं, आणा. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं असं एक पॅकेज होतं, ११ ओळींचं. मार्च २०१६ मध्ये दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद होऊन त्याच्या लेखकाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, आणि जगभर ठिकठिकाणी बिल्ड (कोड जुळवून सॉफ्टवेअर तयार करायचं काम) कोसळले, कारण बेबेलसारखी साधनं आतून त्या ११ ओळींवर टेकली होती. अशा वेळी त्या ११ ओळी आपण लिहायला हव्या होत्या असं म्हणायचं नसतं. ‘सप्लाय चेन सिक्युरिटी’वर, म्हणजे बाहेरून आणलेल्या कोडच्या सुरक्षेवर, एक समिती नेमायची असते.

समितीत बसलात की २०२४ च्या मार्चमधली एक्सझेडची गोष्ट जरूर सांगा, पण अर्धीच. फायली दाबून लहान करणारं हे छोटं साधन लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशिनवर असतं आणि ते सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं निष्ठेने मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. हा भाग थरारक आहे, रंगवून सांगा. तो पकडला कसा गेला, हे मात्र गाळा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला वेगाच्या चाचण्या करताना जाणवलं की एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशिनवर दुरून, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्याकडे पोर्टलचा पहिला पानभर मजकूर उघडेपर्यंत माणूस पाण्याची बाटली भरून येतो. त्या पठ्ठ्याने ‘चालतंय ना, मग कशाला’ असं न म्हणता खणत नेलं. ही गोष्ट पुरती सांगितलीत तर समितीतला एखादा नवखा विचारेल, “सर, आपल्याकडे एवढं बारीक कोण बघतं?” आणि त्याच्या पुढची शांतता तुम्हाला भरून काढावी लागेल.

ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांची वही अनेक मशिनवर एकदम ठेवायच्या तंत्रावर, वेळ घालवायचं आता कारण नाही, ती फॅशन गेली. पण धडा म्हणून: डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत थंड चहा विकणाऱ्या लाँग आयलंड आइस्ड टी कंपनीने आपलं नाव बदलून लाँग ब्लॉकचेन ठेवलं आणि एका दिवसात शेअर जवळजवळ तिप्पट झाला. चहा तोच. उलट ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने खरोखरच आपली १९९४ पासूनची सेटलमेंट (सौद्यांची देवघेव पुरी करायची) यंत्रणा ब्लॉकचेनवर न्यायचा प्रयत्न केला. २०२२ मध्ये तो गुंडाळला आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत खाती घातले. तेव्हा पाटी बदला, आतल्या मालाला हात लावू नका.

दुसऱ्याचं जळालं की बातमी अधिकच चविष्ट लागते. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने एक छोटीशी अपडेट सोडली. प्रोग्रॅमची तयारी २० रकान्यांची, आत निघाला २१ वा. तो वाचायला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशिन निळी पडली. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतली होती, पण एकदा पडलेलं मशिन उठवायला बहुतेक ठिकाणी कुणीतरी उठून त्याच्यापाशी जावंच लागलं. आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दुपारी प्रत्येक ऑफिसात एकच वाक्य ऐकू येत होतं: “हे लोक टेस्टिंग करत नाहीत का?” तुम्हीही म्हणा. जोरात म्हणा. आणि म्हणून झालं की संध्याकाळी सहाला आपली रिलीज सोडा, शुक्रवार असला तरी, कारण क्लायंटला तारीख दिलेली आहे आणि टेस्टिंगचे दोन दिवस डेव्हलपमेंटने खाल्लेत.

एक तारीख तेवढी डायरीत लिहून ठेवा: १९ जानेवारी २०३८, मंगळवार. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी जुनी यंत्रं त्या दिवशी आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील आणि पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवू लागतील. नवे सर्व्हर ६४ बिटांचे आहेत, त्यांना काही होणार नाही. पण कुठल्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये, कुठल्या मीटरमध्ये कोणता जुना बोर्ड बसलाय, याची यादी किती जणांकडे आहे? ती आजपासून करायला घेतली तर सगळं वेळेत निस्तरेल, काहीच होणार नाही, आणि लोक म्हणतील उगाच बाऊ केला. वाय-टू-केच्या वेळी हेच झालं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी रात्र रात्र जागून दोन आकडी वर्षं चार आकडी केली, १ जानेवारी २००० ला दिवे चालू राहिले, आणि तेव्हापासून त्या कामाचा उल्लेख अफवा म्हणून होतो. ती चूक पुन्हा नको. २०३५ पर्यंत ‘२०३८ हा बागुलबुवा’ यावर लेख लिहा, २०३६ मध्ये सूर बदला, २०३७ मध्ये कन्सल्टन्सी काढा. दर तासाचा लावा, डॉलरमध्ये, निम्मे पैसे आगाऊ, जीएसटी वेगळा.