मामा, त्या फॉरवर्डबद्दल जरा बोलूया

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. "वादळग्रस्तांच्या नावाने संस्थांना एक रुपया देऊ नका, सरकार भरपाई देतंच, द्यायचंच तर धान्य-कपडे स्वतः गावात नेऊन द्या, आणि पशुपक्ष्यांचं निसर्ग बघून घेतो." काल मुंबईच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. मामा, रागावू नका, पण आपल्या श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीचं विसरलात काय?

आधी भरपाई. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, नंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, चांगलंच केलं. पण हेक्टर म्हणजे 100 गुंठे, आपली वाडी 12 गुंठ्यांची, म्हणजे झाले 6 हजार. इकडे हेक्टरभर वाडी असते कोणाकडे? सुपारीच्या पोफळी एकमेकींवर अशा आडव्या पडलेल्या की विहिरीपर्यंत पोचायला अर्धा दिवस गेला, लाईट नाही, कोयत्याने तोडून तोडून किती तोडणार, शेवटी एका संस्थेची पोरं झाडं कापायचं पेट्रोलवरचं मशीन घेऊन आली तेव्हा वाट झाली. आणि खरं काम त्याच्यापुढे आहे. सुपारीच्या रोपाला कडक ऊन सोसत नाही, सावली देणारे माड तर पडलेले, मग आधी केळी लावायची, ती वाढली की तिच्या सावलीत रोपं, आणि पीक हातात यायला पुढे सहा-सात वर्षं. भरपाई एकदाच मिळते हो. रोपं द्यायला, दुसऱ्या वर्षी मेलेली बदलून द्यायला जे परत येतात त्यांना पैसे लागतात.

धान्य-कपडे म्हणाल तर पहिल्या आठवड्यात धान्य लागतंच. पण कपडे? शाळेच्या पडवीत भिजलेला ढीग पडलेला, त्यात एक शेरवानी पण होती, कोणाच्या लग्नातली देव जाणे. पत्रे आणि ताडपत्री कोणी आणेना. आणि स्वतः नेऊन देणारे बहुतेक रस्त्यालगतच्या गावात गाडी रिकामी करून परत फिरतात, आतल्या वस्त्यांपर्यंत काहीच जात नाही.

संस्था पैसे खातात? काही खातात. आमच्याकडेच एकजण पाच घरांना एकच ताडपत्री धरायला लावून फोटो काढून गेला. म्हणून धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारा, ऑडिट झालेला हिशोब मागा, कोणाच्या पर्सनल नंबरवर पैसे टाकू नका. बास.

आता "निसर्ग बघून घेतो". म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत, महाडची सीस्केप संस्था कित्येक वर्षं त्यांच्यामागे राबतेय. ती उंच जुन्या झाडांवर घरटी करतात आणि वर्षाला अंडं घालतात एकच. वादळात झाड गेलं की त्या जोडीचं ते वर्ष गेलं, आणि तसं झाड परत उभं राहायला आपला जन्म पुरत नाही.

कासवांचंही तेच. पावसाळ्यात जाळ्यात अडकून पाय गेलेली ऑलिव्ह रिडले किनाऱ्याला लागतात, डहाणूला त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे, तिथे जखमा भरायला महिने जातात. लोक बिचारे चांगल्या मनाने त्यांना परत पाण्यात ढकलतात. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं मामा, दमलेलं असेल तर समुद्रात बुडून मरतं. सावलीत ठेवायचं, ओलं फडकं टाकायचं आणि वनखात्याच्या 1926 ला फोन लावायचा.