खाटा तीस, पण रात्री थांबणार कोण?

गेले काही आठवडे आमच्या गावच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय व्हावं, अशी मागणी मुंबईच्या मंडळाने लावून धरली आहे. सोनोग्राफी मशीनसाठी आम्हा परदेशातल्यांकडे वर्गणीही मागितली आहे. गावात राहणाऱ्या काहींचं म्हणणं मात्र वेगळं आहे: आहे त्या केंद्रात आधी रात्री डॉक्टर मिळू दे. मी राहतो स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हरनेसमध्ये, आणि माझं मत गावात राहणाऱ्यांच्या बाजूने आहे.

मंडळाची तळमळ खरी आहे. डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र हा सरकारी निकष कागदावर पुरेसा वाटतो, पण जूनपासून पऱ्ह्यांना पाणी चढलं की वरच्या वाडीतल्या बाळंतिणीला खाली आणायचं कसं, हे ज्याच्या घरात घडतं त्यालाच कळतं. तिथून रत्नागिरीला पाठवणं म्हणजे जिवावरचा प्रवास. मोठं रुग्णालय जवळ हवं असं वाटणं अगदी रास्त आहे.

पण नुसत्या पाटीने काय होतं, ते इथे उत्तर टोकाला विक गावात दिसतं. तिथे चांगलं रुग्णालय आहे. २०१६ मध्ये तिथला प्रसूती विभाग फक्त सुईणींच्या भरवशावर ठेवला गेला, कारण नवजात बाळांसाठी लागणारी तज्ज्ञ सेवा तिथे नव्हती. तेव्हापासून बहुतेक बायका बाळंतपणासाठी सुमारे १६० किलोमीटरवर इन्व्हरनेसला येतात, बर्फातही. श्रीमंत देशाची ही गत, तर आपल्याकडच्या ३० खाटांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ कुठून येणार, याचं उत्तर निवेदनात असायला हवं. ते नाही.

स्कॉटलंडच्या याच डोंगराळ भागाने एकदा उलट्या टोकाने सुरुवात केली होती. १९१२ मध्ये सर जॉन ड्यूअर यांच्या समितीने इथल्या वस्त्यांची पाहणी केली. शेतकऱ्यांना डॉक्टरची फी परवडत नव्हती आणि तेवढ्या फीवर डॉक्टरचंही भागत नव्हतं. त्यात राहायला धड घर नाही, मैलोन्मैल प्रवास. १९१३ पासून सरकारने डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी दिली, प्रवासखर्च उचलला, घरांसाठी पैसे दिले, नर्स वाढवल्या. आज ज्या आरोग्यसेवेचा इंग्रजांना अभिमान आहे ती १९४८ ची. त्याच्या ३५ वर्षं आधी इथे डॉक्टर टिकेल अशी व्यवस्था उभी राहिली होती.

आणि आपल्या कोकणाला हे नवीन आहे का? महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसले, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. पुढे रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीने, प्राझोसिनने, ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यावर आलं. त्यासाठी सुपर स्पेशालिटी लागली नाही.

फुरशाचंच घ्या, आपल्याकडच्या त्या विषारी सापाचं. दंश झालेल्या माणसाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी. याला मशीन लागत नाही. नळी लागते, प्रतिविषाच्या कुप्या लागतात आणि सहा तासांनीही जागेवर असणारं माणूस लागतं. तेच नसतं, म्हणून रुग्ण गाडीत घालून पुढे पाठवला जातो.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर कुणी मांडलेली दिसली नाही. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. उपकेंद्रं, लसीकरण, आशाताईंचं वाडीवाडीवरचं काम हे आरोग्य केंद्राच्या गळ्यातलं काम आहे. दर्जा वाढवण्याच्या नादात ते कुणाच्या पदरात पडणार, हे आधी लेखी घ्यायला हवं.

केंद्र वाढायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन्ही पदं भरलेली हवीत, रात्रपाळीला कायम नर्स हवी, लॅब टेक्निशियन हवा. आमदारांकडे पुढचं निवेदन याचं जावं. मंडळाने जमवलेल्या पैशातून आधी कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स दुरुस्त करावीत: गळकं छप्पर, बारमाही पाणी, इन्व्हर्टर. मुलाबाळांसकट राहता येईल असं घर नसेल तर कोणता डॉक्टर तिथे मुक्कामाला राहील? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा ठराव झाला, तर माझी वर्गणी मी त्याच दिवशी पाठवतो.